एचआरचे शब्द आणि जातीचे अर्थ : नव्या कामगार संहितांच्या काळात बौद्ध तरुणांनी काय वाचायला हवे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने केंद्रीय कामगार कायदे त्यांत विलीन झाले. या बदलावर कामगार संघटना बोलल्या, उद्योगपतींच्या संघटना बोलल्या. आंबेडकरी चळवळीत मात्र त्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही. आपल्या सभा, परिषदा आणि व्हॉट्सअॅप गट अजूनही प्रामुख्याने सरकारी भरती, शिष्यवृत्ती आणि पदोन्नतीतील आरक्षण याभोवती फिरतात. ते विषय महत्त्वाचेच आहेत. पण आज पदवी हातात घेऊन बाहेर पडणारी आपली मुले-मुली पहिली नोकरी शोधतात ती हिंजवडीत, चाकणला, वाळूजला, बुटीबोरीला, नाहीतर एखाद्या डिलिव्हरी अॅपवर. तिथे बिंदुनामावली नसते, मागासवर्गीय कक्ष नसतो. तिथे असते ते ह्युमन रिसोर्स खाते, म्हणजेच मनुष्यबळ व्यवस्थापन. सगळे त्याला नुसते 'एचआर' म्हणतात.

या खात्याची स्वतःची एक भाषा आहे. सीटीसी, रेफरल, कल्चर फिट, केआरए, फिक्स्ड टर्म, नॉन-कोअर असे तिचे शब्द. कानाला ते तटस्थ वाटतात. पण कोणाला आत घ्यायचे, कोणाला किती द्यायचे, कोणाला कायम ठेवायचे आणि कोणाला गेटबाहेर काढायचे, हे याच शब्दांनी ठरते. कायद्याची भाषा बाबासाहेबांनी आपल्याला शिकवली. आता या भाषेचाही अभ्यास करायला हवा.

गिरणीतला धागा आणि स्टेशनवरचा हमाल

कामाच्या ठिकाणी जात कशी चालते याचे नेमके विश्लेषण बाबासाहेबांनी फार पूर्वी करून ठेवले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये विणाई खात्यात पगार जास्त होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. त्यामुळे आपली माणसे कमी पगाराच्या सूतकताई खात्यात अडकून पडली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, हे आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचे एक उदाहरण दिले होते, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही.

आजच्या एचआरच्या पुस्तकात याला 'ग्लास सीलिंग' म्हणतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे छत. १९३८ मध्ये ते छत चांगलेच दिसत होते. आज ते काचेचे झाले आहे, एवढाच फरक. जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा मुद्दा कुठल्याही कंपनीचा ऑर्ग चार्ट समोर ठेवून तपासता येतो. सफाई, सुरक्षा आणि कँटीनच्या रांगेत कोण आहे, आणि संचालक मंडळात कोण आहे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे. भारतातील एक हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे आढळले. अनुसूचित जाती आणि जमाती दोन्ही मिळून साडेतीन टक्क्यांच्या आसपास होत्या.

भरतीचे शब्द : मेरिट, रेफरल, कल्चर फिट

भरतीत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द 'मेरिट'. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी या शब्दाची परीक्षा घेतली. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, फरक फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. हे अर्जदार अजून मुलाखतीलाही बसले नव्हते. म्हणजे त्यांचे मेरिट तपासण्याआधीच चाळणी लागली होती.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास मांडला. आम्ही जात पाहत नाही, फक्त मेरिट पाहतो, असे हे अधिकारी सांगत होते. पण मुलाखतीत उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. वडील काय करतात, घरी कोण शिकलेले आहे, गाव कुठले, शहरात कुठे राहता. आपल्याकडे या चार उत्तरांवरून जात समजायला कितीसा वेळ लागतो?

'रेफरल' म्हणजे आधीपासून कामावर असलेल्या माणसाने सुचवलेला उमेदवार. कंपन्यांना ही पद्धत आवडते, कारण खर्च कमी आणि माणूस ओळखीतला. पण ओळख जातीच्या आणि नात्याच्या वाटेनेच वाढते. ज्यांची पहिली पिढी आता कुठे त्या कंपनीत पोहोचते आहे, त्यांना सुचवणार कोण? गिरणीतही जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे भरत असे. त्या जॉबरची जागा आता रेफरल बोनसने घेतली आहे.

'कल्चर फिट' म्हणजे उमेदवार कंपनीच्या संस्कृतीत बसेल का, हे पाहणे. यात मोजता येण्याजोगे काहीच नसते. इंग्रजी बोलण्याची ढब, खाण्यापिण्याच्या सवयी, सुट्टीत कुठे फिरायला गेलात याच्या गप्पा, असे सारे या एका शब्दात मावते. नकार आला तर कारण मागता येत नाही आणि मिळाले तरी ते खोडता येत नाही.

इथे कायद्यातील एक मोठी पोकळी लक्षात घ्या. वेतन संहिता २०१९ च्या कलम ३ मध्ये भेदभावाला बंदी आहे. सारख्या कामासाठी वेतनात आणि भरतीत भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. पण ही बंदी फक्त लिंगाधारित भेदभावाला आहे. त्या कलमात जातीचा उल्लेख नाही. संविधानाचे कलम १६ जातीवरून भेदभाव करायला मनाई करते, पण ते राज्यसंस्थेच्या नोकऱ्यांबद्दल आहे. खासगी कंपनीने आडनाव बघून अर्ज बाजूला टाकला, तर थेट दाद मागता येईल असे कलम या चारही संहितांमध्ये नाही. आपल्या मागण्यांच्या यादीत हा मुद्दा पहिल्या ओळीत असायला हवा.

पगाराचे शब्द : सीटीसी, बेसिक, इन-हँड

'सीटीसी' म्हणजे कॉस्ट टू कंपनी, तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च. तो पगार नव्हे. घरात शिकलेली पहिलीच पिढी असेल, तर हा फरक सांगणारे कोणी नसते. म्हणून एक साधा हिशेब मांडू.

समजा ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिले आहे. आपण मनात म्हणतो, महिना ३० हजार. त्यातले १० टक्के 'व्हेरिएबल पे' असेल, तर ३ हजार वर्षाच्या शेवटी कामगिरी पाहून मिळणार, किंवा मिळणारही नाहीत. बेसिक १५ हजार धरले तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,८०० रुपये आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२२ रुपये, हे दोन्हीही सीटीसीतच धरलेले असतात. उरले २४,४७८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की हातात २२,४७८ रुपये येतात. ३० हजार समजून पुण्यात खोली घेतली आणि गावी घरच्यांना शब्द दिला, तर दर महिन्याला साडेसात हजारांचा खड्डा.

नव्या संहितांनी इथे एक महत्त्वाची सुधारणा केली आहे. 'वेतन' या शब्दाची एकच व्याख्या आता चारही संहितांना लागू आहे. घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. पूर्वी अनेक ठिकाणी बेसिक मुद्दाम लहान ठेवून भत्ते फुगवले जात, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी बसे. आता त्या पळवाटेला आळा बसेल. हातात येणारी रक्कम काही ठिकाणी थोडी कमी होईल, पण म्हातारपणाची पुंजी वाढेल. कंपनीने फक्त पहिली गोष्ट सांगितली, तर दुसरी तुम्हाला माहीत असायला हवी.

आणखी दोन तरतुदी लिहून ठेवा. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे आता बंधनकारक आहे. आणि नोकरी सोडली, काढून टाकले किंवा कपात झाली, तर राहिलेले वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करायचे आहे. 'फुल अँड फायनल'साठी दोन-दोन महिने खेटे घालायला लावणे या कायद्यात बसत नाही.

तुम्ही कोणाचे कामगार? : फिक्स्ड टर्म, कंत्राटी, गिग आणि मानधन

'फिक्स्ड टर्म' म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी. कायद्यानुसार अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन, तेवढेच कामाचे तास आणि त्याच सवलती मिळायला हव्यात. ग्रॅच्युइटीसाठी त्याला पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्ष पुरते. हे चांगले आहे. पण मुदत संपली की नोकरी आपोआप संपते आणि कायदा त्याला कपात मानत नाही, म्हणून कपातीची भरपाईही नाही. दर वर्षी करार नवा करायचा असेल, तर साहेबाविरुद्ध तक्रार कोण करेल? युनियनमध्ये नाव कोण घालेल? १४ एप्रिलची सुट्टी मागतानासुद्धा माणूस दोनदा विचार करेल.

'कोअर' आणि 'नॉन-कोअर' ही जोडी आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने मुख्य म्हणजे कोअर कामात कंत्राटी कामगार लावायला बंदी केली आहे, काही अपवाद ठेवून. ऐकायला बरे वाटते. पण मुख्य नसलेल्या कामांची यादी त्याच संहितेत दिली आहे. झाडलोट, सफाई, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट, सुरक्षा, कँटीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, हाऊसकीपिंग. ती संस्था मुळात त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर ही कामे मुख्य धरली जात नाहीत. या यादीतली पहिली कामे पिढ्यानपिढ्या कोणाच्या माथी मारली गेली, हे या संकेतस्थळाच्या वाचकांना सांगायला नको. जातीने ज्याला हलके काम म्हटले, त्याला व्यवस्थापनशास्त्राने नॉन-कोअर म्हटले आणि आता कायद्यानेही ते लिहून ठेवले.

तरीही यात लढायला जागा आहे. संस्था ज्या कामासाठी स्थापन झाली ते काम कोअर, असे कायदाच म्हणतो. मग महानगरपालिकेचे काय? शहराची सफाई हे तिचे बंधनकारक कर्तव्य आहे. पालिकेत सफाई नॉन-कोअर कशी ठरते, हा प्रश्न प्रत्येक शहरात विचारता येतो.

मुंबईच्या सफाई कामगारांनी अशीच लढाई जिंकली आहे. वीसपेक्षा कमी कामगार दाखवणारी छोटी छोटी कंत्राटे द्यायची, म्हणजे कंत्राटी कामगार कायदा लागूच होत नाही, अशी शक्कल पालिकेत वापरली जात होती. कचरा वाहतूक श्रमिक संघ न्यायालयात गेला. औद्योगिक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. कंत्राट हा देखावा होता, खरा मालक पालिकाच, हे मान्य झाले. एचआरच्या भाषेत याला 'प्रिन्सिपल एम्प्लॉयर', मुख्य मालक म्हणतात. कंत्राटदार बदलत राहतो, मुख्य मालक तोच असतो. आता नव्या संहितेत कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा २० वरून ५० वर नेली आहे. म्हणजे तीच शक्कल आता ४९ कामगारांपर्यंत चालू शकते.

डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय जल आयोगात दीर्घकाळ राबलेल्या सफाई आणि तत्सम कामगारांना नियमित करण्याचा आदेश दिला. काम कायमचे आणि माणूस तात्पुरता, या प्रथेवर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. २००६ च्या उमादेवी निकालाचा आधार घेऊन सरसकट नकार देणाऱ्या कार्यालयांना उत्तर म्हणून हा निकाल कार्यकर्त्यांच्या पिशवीत असायला हवा.

मराठीतला खास शब्द आहे 'मानधन'. आशा ताई, अंगणवाडी सेविका यांना वेतन मिळत नाही, मानधन मिळते. त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका किंवा मानसेवी आहेत, असे सरकार म्हणते. शब्दात मान आहे आणि पाकिटात धन नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचे सांगितले. शब्द काहीही वापरला तरी काम हे कामच असते, हे त्या निकालाने दाखवले.

'गिग वर्कर' हा त्याच घराण्यातला नवा शब्द. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला कंपनी 'पार्टनर' म्हणते. नफ्यात त्याची भागीदारी नसते, पेट्रोल आणि अपघात मात्र त्याचा. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगारांची पहिल्यांदा कायद्यात नोंद घेतली. अॅप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. पण तो 'कर्मचारी' ठरत नाही, त्यामुळे किमान वेतन आणि कामाचे तास त्याला लागू नाहीत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना आणलेल्या विधेयकामुळे १९४६ मध्ये कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ऐंशी वर्षांनी त्याच समाजातली मुले रात्री बारापर्यंत बाइकवर असतात आणि त्यांचे तास मोजणारे कोणी नाही.

बाहेर काढण्याचे शब्द : अप्रेझल, पीआयपी, ले-ऑफ, राजीनामा

'अप्रेझल' म्हणजे कामगिरीचे मूल्यमापन आणि 'केआरए' म्हणजे वर्षभरात तुम्ही काय करायचे याची यादी. 'बेल कर्व्ह' पद्धतीत प्रत्येक गटातील काही टक्के लोकांना खालच्या श्रेणीत टाकावेच लागते, सगळ्यांनी चांगले काम केले तरीही. मग कोण खाली जाणार, हे साहेबाच्या मर्जीवर. खालची श्रेणी मिळाली की 'पीआयपी', म्हणजे सुधारणेसाठी दिलेली मुदत. अनेकदा ती बाहेरच्या दाराकडे जाणारी पायरी असते.

आणि इथे सर्वांत महागात पडणारा घोटाळा होतो. आपण बोलताना 'ले-ऑफ' म्हणतो. कायद्यात ले-ऑफ म्हणजे मालक काही काळ काम देऊ शकत नाही, नोकरी मात्र टिकून असते. कायमचे काढण्याला कपात किंवा छाटणी म्हणतात. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी वेतन, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. नव्या संहितेने पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा करण्याची तरतूद केली आहे. हे सगळे टाळायचा सोपा मार्ग एकच : तुमच्याकडून राजीनामा लिहून घेणे. 'रेकॉर्ड खराब होईल, राजीनामा द्या, आम्ही अनुभवाचे पत्र चांगले देऊ', असे गोड बोलून सही घेतली की कपातीचा राजीनामा होतो आणि भरपाई बुडते. दबावाखाली त्याच दिवशी सही करू नका. वेळ मागा, मागणी लेखी द्यायला सांगा, स्वतःच्या ईमेलवर घडलेला प्रकार तारखेसह लिहून ठेवा.

दुसरीकडे मालकाचे हात मोकळे झाले आहेत. कपात करण्यासाठी किंवा कारखाना कायमचा बंद करण्यासाठी सरकारची परवानगी घेण्याची अट पूर्वी १०० कामगारांना होती, ती आता ३०० वर गेली. संपासाठी १४ दिवसांची पूर्वसूचना आता सर्वच औद्योगिक आस्थापनांना लागू झाली. संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप पुकारला होता. तो इतिहास जयंतीच्या भाषणापुरता ठेवायचा का, याचा विचार करा.

सरकारी खात्यातले शब्द : बिंदुनामावली, अनुशेष, 'योग्य उमेदवार नाही'

सरकारी क्षेत्रातही आरक्षण सरळ काढून घेतले जात नाही. शब्द बदलले जातात. १३ बिंदूंच्या रोस्टरचा प्रश्न आठवा. विद्यापीठाऐवजी विभाग हा एकक धरला, तर १५ टक्क्यांच्या हिशेबाने अनुसूचित जातीची पहिली जागा सातव्या क्रमांकावर आणि साडेसात टक्क्यांनी जमातीची चौदाव्या क्रमांकावर येते. सहा प्राध्यापकांच्या विभागात दोघांनाही शून्य जागा. देशभर आंदोलन झाले आणि मार्च २०१९ मध्ये सरकारला अध्यादेश काढून विद्यापीठ हाच एकक ठेवावा लागला. एका व्याख्येने हजारो जागा जाणार होत्या, आंदोलनाने त्या वाचल्या.

'लॅटरल एन्ट्री' म्हणजे बाहेरच्या व्यक्तीची वरच्या पदावर थेट नेमणूक. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाने अशा ४५ पदांची जाहिरात काढली. त्यात आरक्षण नव्हते. विरोध वाढताच काही दिवसांत जाहिरात मागे घेतली गेली. महाराष्ट्रात बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णयही ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द करावा लागला. 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा मात्र मुलाखतीच्या बंद खोलीत चालू आहे. पात्रता असलेला उमेदवार समोर बसलेला असतो, पण मंडळाला तो योग्य वाटत नाही. खासगी कंपनीतला कल्चर फिट आणि सरकारी मुलाखतीतला हा शेरा, दोन्हींचे काम एकच.

तक्रार कुठे करायची?

लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. जातीय छळासाठी खासगी कंपनीत अशी कुठलीच समिती कायद्याने बंधनकारक नाही. अॅट्रॉसिटी कायदा आहे आणि गरज पडेल तिथे तो वापरायलाच हवा. पण प्रकल्प न मिळणे, बैठकीतून वगळणे, डब्यावरून टोमणे, आरक्षणावरून विनोद अशा रोजच्या गोष्टी प्रत्येक वेळी पोलिस ठाण्यात नेता येत नाहीत.

परदेशातील आपल्या बांधवांनी या बाबतीत वाट दाखवली आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातीय भेदभावाचा दावा दाखल केला. दोन व्यवस्थापकांवरील दावा पुढे मागे घेतला गेला, पण जात हा अमेरिकी एचआरच्या टेबलावरचा विषय झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली. अॅपलसारख्या कंपनीने आपल्या आचारसंहितेत जातीचा स्पष्ट उल्लेख केला. 'डायव्हर्सिटी'च्या गप्पा मारणाऱ्या भारतीय कंपन्यांना आपण हाच प्रश्न विचारू शकतो : तुमच्या धोरणात लिंग आहे, अपंगत्व आहे, मग जात का नाही? शेअर बाजारातील आघाडीच्या एक हजार कंपन्यांना सेबीकडे दर वर्षी जबाबदारी अहवाल द्यावा लागतो. त्यात महिला आणि अपंग कर्मचाऱ्यांची संख्या विचारली जाते, अनुसूचित जाती-जमातींची विचारली जात नाही. मोजणीच नसेल तर उत्तरदायित्व कुठून येणार?

धम्मात मालक आणि कामगार

व्यवस्थापनशास्त्र आपल्याला परके वाटायचे कारण नाही. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : सेवकाला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, विशेष पदार्थांत वाटा द्यावा आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. आजच्या भाषेत कामाचा भार, वेतन, आजारी रजा, नफ्यातला वाटा आणि विश्रांती. कामगाराचीही पाच कर्तव्ये त्यात आहेत, मन लावून काम करणे आणि न दिलेले न घेणे ही त्यांतलीच. दोघांचे नाते परस्पर कर्तव्याचे आहे, उपकाराचे नाही.

उपालीची कथाही इथे आठवते. शाक्य राजपुत्रांबरोबर त्यांचा न्हावी उपाली प्रव्रज्या घ्यायला आला. आमचा अभिमान गळावा म्हणून याला आधी दीक्षा द्या, अशी विनंती राजपुत्रांनीच केली. संघात ज्येष्ठता दीक्षेच्या क्रमाने ठरत असल्याने त्यांना उपालीला वंदन करावे लागले. पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून उपालीचीच ख्याती झाली. ज्येष्ठता आणि पात्रता जन्मापासून तोडून दाखवणारी संस्था अडीच हजार वर्षांपूर्वी उभी राहिली होती.

आता काय करायचे?

नोकरी करणाऱ्या तरुणांनी नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलचे ईमेल यांची प्रत स्वतःकडे ठेवावी. पीएफचे पासबुक दर महिन्याला तपासावे. सही करण्याआधी मुदत, नोटीस कालावधी आणि बाँड या तीन गोष्टी वाचाव्यात.

जे आधीच आत पोहोचले आहेत, त्यांनी रेफरलचे दार आपल्या मुलांसाठी उघडावे. ओळख हेच भांडवल असेल, तर ते आपणही उभे करू. प्रत्येक शहरातील एखाद्या विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर दोन तास बायोडाटा, ऑफर लेटर आणि मुलाखतीची तयारी यासाठी ठेवता येतील. त्यासाठी निधी लागत नाही, वेळ देणारी चार माणसे लागतात.

कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेत माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात : किती सफाई कामगार कंत्राटी आहेत, प्रत्येक कंत्राटात किती जण दाखवले आहेत, आणि त्यांचा पीएफ कोणत्या महिन्यापर्यंत भरला आहे. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे संहितांखालचे नियम करण्यात राज्य सरकारचाही वाटा आहे. हरकती आणि सूचना लेखी पाठवणे हे आंदोलनच आहे.

आणि राजकीय मागण्या स्पष्ट असू द्या. वेतन संहितेच्या भेदभावविरोधी कलमात जात यावी. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात सामाजिक प्रवर्गनिहाय आकडे यावेत. खासगी आस्थापनांत जातीय छळाच्या तक्रारीसाठी समिती बंधनकारक व्हावी. सफाईचे काम नॉन-कोअरच्या यादीतून बाहेर काढावे.

मालकाची भाषा समजणारा कामगार सहज फसवला जात नाही. बाबासाहेबांच्या 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' या संदेशात पहिला शब्द 'शिका' आहे. येत्या पगाराच्या दिवशी आपली स्लिप उघडा आणि तिच्यावरचा प्रत्येक शब्द वाचायला सुरुवात करा. जो कळणार नाही, तो पुढच्या रविवारी विहारात घेऊन या.

जय भीम! नमो बुद्धाय!